स्टिअरिंगचा पाव फेरा

आत्यांनी म्हशीवर खोटा आळ घेतला तेव्हा म्हैस दावणीला उभी राहून निवांत रवंथ करत होती.

"तुम्ही व्हा पुढं," त्या मामांना म्हणाल्या. "म्हैस आज-उद्याला विणार. तिला टाकून मी कशी येऊ? आन रंजीला एकटीला काय उरकतंय?"

रंजी म्हणजे मी, मामा म्हणजे माझे सासरे, जोतीराम सपकाळ, आणि आत्या म्हणजे सासूबाई, हौसाबाई. फलटणला मामांच्या सख्ख्या भाचीचं लग्न होतं. भाचीच्या पाठीशी मामा उभा नसेल तर अंतरपाट धरणार कसा, म्हणून त्यांना जाणं भागच होतं. त्यांनी एकदा म्हशीकडं बघितलं, एकदा आत्यांकडं. म्हशीला अजून दोन महिने अवकाश होता, हे वाडीतल्या कुणालाही सांगता आलं असतं. पण मामांना गाडीच्या पोटातलं जेवढं कळायचं तेवढं म्हशीच्या पोटातलं कळत नसे. ते पिशवी घेऊन फाट्याकडं चालू लागले. एसटीचा धुरळा खाली बसला, तसा आत्यांनी पदर कमरेला खोचला आणि म्हणाल्या, "हं. काढ तुझे पाने."

माझ्या लग्नाला तेव्हा दीड वर्ष झालं होतं. नवरा, संपत, मुंबईच्या बाजारात माथाडी कामगार. शिमग्याला आणि गणपतीला घरी यायचा. माझं माहेर कऱ्हाडचं. वडलांचं, मोहिते मिस्त्रींचं, तिथं गॅरेज होतं आणि आम्ही तिघी बहिणीच. त्यामुळं बाहुल्यांच्या वयात माझ्या हाताला बेअरिंगं लागली. सासरी आल्यावर मी ते कुणाला सांगितलं नव्हतं. वडलांनीच बजावलं होतं, की सहा महिने भाकरीच थाप, पाना नंतर दाखव.

आमची गोगवडी कोयनेच्या पाण्याच्या काठाला, आणि वर मोठ्या रस्त्याला जायला सात मैलांचा घाट. घाटात एसटी यायची ती दिवसातून एकदा, तीही तिच्या मनात असेल तर. बाकी सगळा कारभार मामांच्या जीपवर. मिलिटरीच्या लिलावातली ती जीप एकवीस वर्षं मामांकडं होती. दुधाच्या किटल्या, गुरुजी, बाजारकरणी, नव्या नवऱ्या, सगळं तिनंच खालीवर केलं. आणि एकवीस वर्षांत मामांशिवाय ती कुणाला चालवता आली नव्हती.

त्याचं कारण मी लग्नाच्या वरातीतच ओळखलं होतं. मुंडावळ्यांतून मला दुसरं काही दिसत नव्हतं, फक्त मामांचे हात दिसत होते. ते स्टिअरिंग डावीकडं चांगलं पाव फेरा फिरवत आणि गाडी सरळच जाई. मग उजवीकडं पाव फेरा, तरी गाडी सरळच. चाकानं हुकूम सोडायचा आणि खाली टायरना बातमी पोचेपर्यंत वाट बघायची, असा कारभार होता. आमच्या गॅरेजात त्याला 'प्ले' म्हणत. दोन बोटांचा प्ले चालतो. हा तर वीतभर होता.

मामांना त्याचं भूषण होतं. वळण यायच्या आधीच ते चाक फिरवून ठेवत, म्हणजे वळणाशी पोचेतोवर टायर राजी होत. घाटात त्यामुळं गाडी गुणी. एका अंगाला वळत राहिली की चाकातली ढिलाई तिकडंच दाबून राहते. खरी पंचाईत सपाट, सरळ रस्त्याला. तिथं जीप ताडी प्यायल्यागत झुलायची. फलटणला मामा एसटीनं गेले ते म्हणूनच. लोकांना मात्र ते सांगत, की सरळ रस्त्यावर गाडी चालवण्यात काय मजा आहे.

फलटणच्या लग्नाच्या पंधरा दिवस आधी घाटातल्या घोरपडीच्या वळणावर समोरून अचानक एसटी आली. मामांनी चाक फिरवलं, पण त्यांचा उजवा खांदा वर्षभर दुखत होता, तो ऐन वेळेला आखडला. पाव फेऱ्यापैकी निम्माच झाला. जीपचं पुढचं चाक कठड्याच्या दगडावर चढलं आणि तिथं थांबलं. खाली बघायला कुणी धजलं नाही. मामा हसले आणि म्हणाले, "बघितलं? दगड कुठं आहे ते मला माहीत हुतं." मागं बसलेले गुरुजी त्या दिवसापासून पायी जाऊ लागले.

त्या दिवशी आत्याही गाडीत होत्या. घरी येऊन चुलीपुढं बसल्यावर त्यांनी विचारलं, "तुझ्या बापाला ही गाडी सरळ करता येईल का गं?"

"मलाबी येईल," मी म्हणाले. भाकरी थापत होते, मान वर केली नाही.

त्यांनी माझ्याकडं नवीन सून आल्यागत बघितलं. मग मी माहेरी जाऊन येण्याचं निमित्त काढलं आणि येताना पिशवीत लुगड्याखाली सामान आणलं.

तर सोमवारी दुपारी आम्ही दोघी जीपखाली शिरलो. सांगायला काम सोपं. स्टिअरिंगचा दांडा खाली एका लोखंडी डब्यात जातो. त्या दांड्याच्या टोकाला आटे असतात, आणि आट्यांत दोन खुंट्या अडकलेल्या असतात. चाक फिरलं की खुंट्या सरकतात, त्यांच्यामुळं डब्याबाहेरचा हात हलतो आणि टायर वळतात. आटे झिजले, खुंट्या झिजल्या, की मधे पोकळी होते. माणूस बोलत राहतो आणि समोरच्याला ऐकू येत नाही, तसं.

पण तो बाहेरचा हात निघेना. एकवीस वर्षांचा गंज त्यानं धरून ठेवला होता. मी रॉकेल सोडलं, हात ओढून काढायचा पुलर लावून आवळला, ठोकलं, पुन्हा आवळला. आत्या शेजारी हातोडी घेऊन बसल्या होत्या. त्यांना विचारावं लागलं नाही. या गाडीत बसून काढलेली सगळी वर्षं त्यांच्या मनात असावीत. त्यांनी दोन्ही हातांनी असा घाव घातला की हात निघून थेट उकिरड्यात पडला. आम्ही एवढ्या हसलो की शेजारची कोंबडी दोरीवर चढली. त्या हसण्याच्या नादात मी एक चूक केली. तो हात मुळात कसा बसला होता, याची खूण करायची राहिली.

मंगळवारी डबा उघडला. आतलं वंगण काळं आणि गुठळ्या झालेलं. दांडा पुसून मी आत्यांच्या हातात दिला आणि आट्यांवरून बोट फिरवायला सांगितलं. कडेचे आटे चांगले होते. मधल्या भागात मात्र बोट खड्ड्यात जात होतं.

"मधेच का झिजलं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, गाडी जास्त वेळ सरळच जाते. सरळ चालताना खुंट्या मधेच असतात. म्हणून झीज मधली जास्त.

"म्हंजी सरळ चालणारंच झिजतं," आत्या म्हणाल्या आणि दांडा बाजूला ठेवला.

मी नवा दांडा, नव्या खुंट्या, नवीन बुश बसवले. डब्याच्या झाकणाखाली पातळ चकत्या घालायच्या असतात. एक जास्त झाली तर ढिलं, एक कमी झाली तर चाक जाम. वडील सांगायचे, चाक एका करंगळीनं फिरलं पाहिजे आणि तरी आत काही हललं नाही पाहिजे. एकेक चकती काढत, घालत, झाकण आवळत, सोडत माझा बुधवार गेला. माझ्याकडची शेवटची चकती घातली तर जास्त आणि काढली तर कमी पडत होती. शेवटी आत्यांनी बिस्किटांचा रिकामा डबा आणून दिला, त्याचा पत्रा कात्रीनं कापून मी हवी तशी चकती केली. चाक करंगळीनं फिरलं. आत्यांनीही फिरवून बघितलं, मग पुन्हा फिरवलं, आणि मग कारण नसताना आणखी चार वेळा फिरवलं.

गुरुवारी दुपारच्या गाडीनं मामा येणार होते. सकाळी मी जीप अंगणात काढली. डावीकडं सुरेख वळली. उजवीकडं मात्र निम्मी वळून अडली. खूण न केल्याचं फळ. बाहेरचा हात ज्या दातेरी टोकावर बसतो, तिथं तो दोन दात वाकडा बसला होता. मला रडू यायचंच बाकी राहिलं. आत्यांना सगळं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "मोजून येत नाही व्हय?"

आणि मोजूनच येतं. मी हात पुन्हा काढला. आत्या वर बसल्या, चाक एका टोकाला नेऊन तिथून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवू लागल्या आणि खळ्यावर धान्य मापावं तसं मोजू लागल्या. एक म्हणायचं नसतं, म्हणून "लाभ" म्हणाल्या. मग "दोन." मग "अडीच," आणि चाक थांबलं. अडीचाचं निम्मं सव्वा. सव्वा फेरा मागं आणून चाक तिथं धरलं, टायर दोरीनं सरळ केले आणि हात बसवला. मामांची एसटी फाट्याला वाजली तेव्हा आम्ही दोघी विहिरीवर हातांचं वंगण राखेनं घासत होतो.

आता इथं खरं म्हणजे त्यांना सांगायला हवं होतं. मी म्हणालेही. पण आत्यांचं म्हणणं पडलं, की आज सांगितलं तर उद्या घरात भांडण, त्यापेक्षा उद्या चालवू दे, हाताला गोड लागलं की आपणहून विचारतील. मलाही ते पटलं. खरं सांगायचं तर मला त्यांच्या तोंडावरचा आनंद बघायचा होता.

शुक्रवारी सकाळी सात वाजता किटल्या मागं चढल्या. तीन बाजारकरणी बसल्या. मामांनी टोपी सारखी केली, जीप चालू केली, आणि अंगणातून बाहेर पडताना सवयीनं डावीकडं पाव फेरा दिला.

जीपनं तो हुकूम तिथल्या तिथं पाळला. ती थेट शेजारच्या वैरणीच्या गंजीत घुसली. मामांनी दचकून उजवीकडं अर्धा फेरा दिला, तर गंजीतून निघून ती उकिरड्यावर चढली. तिथं बंद पडली. एका किटलीचं झाकण उडालं आणि दूध वाहू लागलं. बाजारकरणी खाली उतरल्या, पातळं झटकली आणि घाटाच्या वाटेला लागल्या.

मामा चाक धरून तसेच बसले होते. टोपीत कडबा. त्यांनी चाक थोडं डावीकडं केलं, थोडं उजवीकडं. मग उतरले, गुडघे टेकून खाली वाकले आणि डब्याकडं बराच वेळ बघत राहिले. तो घासून पुसून लख्ख केलेला होता.

"कुणी केलं?" त्यांनी विचारलं.

"म्हशीनं," आत्या म्हणाल्या.

एरवी मामा हसले असते. ते घरात गेले आणि भिंतीकडं तोंड करून पडले.

दोन दिवस जीप उभी राहिली. दूध डोक्यावरून गेलं. वाडीतले लोक निमित्त काढून येत, उकिरड्याकडं बघत आणि चहा घेऊन जात. एकवीस वर्षं ज्याच्यावाचून कुणाचं चाललं नाही, त्याला अंगणातून गाडी बाहेर काढता येईना, याची चव सगळ्यांना घ्यायची होती. मामा जेवत होते, पण मीठ मागत नव्हते. आत्या माझ्यावर चिडल्या, मग स्वतःवर चिडल्या, मग म्हशीवर.

मला मात्र एक गोष्ट कळली होती आणि ती कुणाला सांगता येत नव्हती. मामा चांगले ड्रायव्हर होते तेच त्या झिजलेल्या आट्यांमुळं. माझ्या वडलांनी शिकवलं होतं की बिघाड काढायचा. बिघाडात एखाद्या माणसाचं सगळं कसब असतं, हे त्यांनी शिकवलं नव्हतं.

रविवारी सकाळी मामा बाहेर आले आणि मला म्हणाले, "जुनं परत बसव."

मी वाद घातला नाही. पाने घेतले, जुना दांडा फडताळातून काढला, पोतं अंथरलं आणि जीपखाली गेले. वरचे दोन बोल्ट ढिले केले असतील, तेवढ्यात मामांचे पाय दिसले. ते जमिनीवर बसले. त्यांच्या हातात कापडात बांधलेलं काहीतरी होतं. त्यांनी कापड सोडलं, मग तेलकट कागद. आत दांडा होता. कोरा, वंगण लावलेला, खुंट्यांसकट. मी आणलेल्या दांड्याचा जुळा भाऊच.

मी जीपखालून बाहेर आले.

"नऊ वर्षं झाली," मामा म्हणाले. "पुण्याहून आणला. तवापासून माझ्या ट्रंकेत हुता."

"मग बसवला का न्हाई?"

ते दांड्याच्या आट्यांवरून अंगठा फिरवत राहिले. मग त्यांनी जे सांगितलं ते मी पहिल्यांदाच ऐकत होते. संपत दहावी झाला तेव्हा त्याला मुंबईला जायचं नव्हतं. त्याला ही जीप चालवायची होती. मामांनी त्याला पाण्याकाठच्या खालच्या सपाट पट्टीत चाक दिलं. त्यानं ती ओढ्यात घातली. दुसऱ्या दिवशी पुन्हा दिलं, पुन्हा ओढ्यात. सगळी वाडी बांधावर बसून बघत होती. तेव्हा मामा चारचौघांत म्हणाले, की ह्याच्या हाताला वळणच नाही, हे ह्याचं काम नव्हे.

"दोष गाडीत हाय हे मला माहीत हुतं," मामा म्हणाले. "म्हणूनच पुण्याला गेलो, सामान घेतलं. एसटीत बसलो आन वाटेत मनात आलं, हे बसवलं की पोरगं आठ दिवसांत गाडी घेऊन जाईल. मी अठ्ठेचाळीस वर्षांचा. मग मी काय करायचं? वट्यावर बसून तंबाखू मळायची? म्हटलं, राहू दे, पुढच्या वर्षी बसवू. पुढच्या वर्षी तो बाजारात पोती उचलत हुता."

मी हातातला पाना पुसला. दारात आत्या उभ्या होत्या. त्यांनाही हे नवीन होतं. त्या पुढं आल्या नाहीत, आत गेल्या आणि भांडी जोरात घासू लागल्या.

पोत्यावर आता जुना दांडा पडला होता, शेजारी मामांचा. तिसरा जीपमधे होता. मी विचारलं, "मामा, कुठला बसवू?"

"हाय तोच राहू दे," ते म्हणाले. "बोल्ट आवळ. आन हे माझं ठेव जपून. तूबी सरळच चालवशील, परत झिजंल."

'तूबी' म्हणाले, म्हणजे गाडी मीही चालवणार हे त्यांनी धरलंच होतं. माझ्या ते नंतर लक्षात आलं.

मी बोल्ट आवळले. मग त्यांनी मला पत्र लिहायला बसवलं. निळं आंतरदेशीय पत्र होतं. मामांना लिहिता येत असे, पण चष्मा सापडत नाही म्हणाले. चष्मा त्यांच्या खिशातच होता. लिही, म्हणाले, चिरंजीव संपत यास अनेक आशीर्वाद. मग लग्न कसं झालं ते लिहायला लावलं. भाताचं लिहायला लावलं. म्हशीची तब्येत लिहायला लावली. फलटणला जेवणात काय होतं तेही. पत्राच्या दोन बाजू भरल्या, तिसरी दुमडायची जागा तेवढी उरली, आणि मी तसं त्यांना सांगितलं.

त्यांनी दुमडायची जागा बोटानं मापून बघितली.

"लिही," म्हणाले, "गाडी आता सरळ चालते. रजा काढून ये आन चालवून बघ."

मी लिहिलं.

"तू ओढ्यात घातलीस ती चूक तुझी नव्हती. गाडीची हुती."

मी लिहिलं. त्यांनी मान पुढं करून वाचलं. चष्म्याशिवाय त्यांना बरं वाचता आलं.

"'गाडीची' खोड," ते म्हणाले. "'माझी' लिही."

मी 'गाडीची'वर एक रेघ मारली आणि वर कडेला, जागा नव्हती तिथं, बारीक अक्षरात 'माझी' लिहिलं.

संपत बाराव्या दिवशी आला. पत्र त्यानं सदऱ्याच्या आतल्या खिशात ठेवलं होतं, ते घामानं भिजून त्याची निळाई बनियनला लागली होती. मी धुतली, तरी गेली नाही. तोवर मामांनी खालच्या पट्टीत माझ्याकडून धडे घ्यायला सुरुवात केली होती. मी शेजारी बसून म्हणायची, "मामा, हळू, नुसतं बोट लावा," आणि ते म्हणायचे, "लावलंय की," आणि जीप बांधावर चढायची. हाताची एकवीस वर्षांची सवय मोडायला त्यांना पुरे बावीस दिवस लागले. संपतला दोन लागले. पोत्यांनी त्याचे खांदे भरले होते, पण हात हलका होता.

तिसऱ्या दिवशी तो पहिल्यांदा घाट चढला. मामांनी किल्ली त्याच्यापुढं धरली आणि स्वतः डाव्या बाजूला जाऊन बसले. आत्या आणि मी मागं किटल्यांत. घोरपडीचं वळण आलं तेव्हा मामांचे दोन्ही हात मांडीवरच होते, पण त्या हातांनी हवेतच पाव फेरा घेतला. संपतनं चाकाला जरासं बोट लावलं. जीप वळली.

सात मैल मामांनी तोंडातून चकार शब्द काढला नाही. आत्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "एवढा गप तर हा माणूस आमच्या लग्नातबी नव्हता."